माया सोडायची राहिली

“हिला आत नेलंय,” एवढंच जावई दवाखान्यातून बोलले आणि फोन हँग झाला. मग काळा पडला, आपणहून सुरू झाला, पुन्हा हँग झाला. शिलाई मशीनवर बाळाचं झबलं अर्धवट पडलं होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

“एकदा बंद करून चालू कर,” हे म्हणाले.

“मघापासून तो दुसरं काय करतोय?”

चार्जर लावून पाहिला, काढून पाहिला, त्यात तास गेला. शेजारणीचा फोन मागावा, तर जावयांचा नंबर याच्याच पोटात. तेवढ्यात ह्यांनी फोन गालाला लावला.

“तापलाय गं. अंगातलं काढ त्याच्या.”

अंगातलं म्हणजे मी कालच शिवलेलं कापडी कव्हर. ऐनवेळी फोन हातातून निसटू नये म्हणून मुद्दाम घट्ट बसवलं होतं. ते ओढून काढलं मात्र, फोन शहाण्यासारखा चालू राहिला. ह्यांनी कव्हर आतून चाचपलं. जाड शिवण नेमकी बंद-चालूच्या बटणावर दाबून बसत होती.

“आता उसवून सैल करावं, तर आत माया म्हणून बोटभर जादा कापड सोडलं नाहीस! आणि म्हणे टेलर.”

“सगळी माया लेकीपायी संपली,” मी म्हणाले. तोच फोन वाजला.

“आई, होतीस कुठे?” लेकीचा आवाज दमलेला होता. “आम्ही दोघी बऱ्या आहोत.”

फोन ह्यांच्या हातात देऊन मी डोळे पुसले. मग झबल्याची शिवण उसवली आणि चांगली दोन बोटं माया सोडली.