शेवटचं पान हलेपर्यंत

मी मेमरीची पट्टी. वीतभर लांब, हिरव्या अंगाची, वर काळ्या चिपा. कुंभिवलीला हायवेच्या कडेला गावकऱ्यांनी चालवलेलं अँब्युलन्सचं मदत केंद्र आहे, तिथल्या मोठ्या संगणकात माझा संसार झाला. शेजारी माझ्यासारख्याच आणखी पट्ट्या, चाळीतल्या खोल्यांसारख्या ओळीनं.

चालू कामाचं जे जे लागतं ते संगणक आमच्याकडे पानापानानं ठेवतो. गाडी कुठवर आली, फोनवर कोण काय बोललं, सगळं. मला चौकशा करायची सवय नाही हो, पण दारात आलेलं ऐकू नये असं थोडंच आहे?

आमच्यावर एक कारभारी असतो. कर्नेल म्हणतात त्याला. कुठलं पान कुणाकडे ठेवायचं ते तो ठरवतो. स्वतःचं जागचं न हलणारं सामान त्यानं माझ्याकडे कधी मांडलं नाही. उचलून दुसरीकडे नेता येईल तेवढंच माझ्या वाट्याला. मला राग यायचा. म्हणायचे, एवढा काय अविश्वास!

मग माझं वय झालं. एखादा आकडा उलटा पडायला लागला. यंत्र तो लगेच सुधारून घ्यायचं, पण असं किती दिवस चालणार? माझ्यापायी एक दिवस सगळंच बंद पडलं असतं. शेवटी खालापूरहून समीक्षा आली, संगणक दुरुस्त करणारी. केंद्र तर बंद ठेवता येत नाही, म्हणून चालू यंत्रातूनच मला काढायचं ठरलं. या यंत्रात तशी सोय आहे.

तिनं हुकूम दिला. कारभाऱ्यानं आधी माझ्याकडे नवीन पान ठेवणं बंद केलं. मग असलेली पानं एकेक करून शेजारणींकडे नेली, ज्याचं पान त्याला नवा पत्ता सांगितला. काम करणाऱ्या माणसांना कळलंसुद्धा नाही. बाई, काय ती सफाई! आता कळलं, हलणारंच सामान माझ्याकडे का ठेवलं होतं ते.

पण एक पान हलेना. ते फोनचं होतं. फोनची लाईन सांभाळणाऱ्या नेटवर्कच्या कार्डानं थोड्या वेळासाठी म्हणून धरलेलं, आणि फोन संपल्याशिवाय ते सुटणार नव्हतं.

फोनवर आमच्या केंद्रात फोन घेणारी सुनंदा होती. वाडीवरच्या चिंधीला कळा सुरू झालेल्या, ड्रायव्हर जगदीश तिला अँब्युलन्समधून दवाखान्यात नेत होता. पुलाचं काम चाललेलं, म्हणून कुठून वळायचं ते सुनंदा सांगत होती. आणि आता पलीकडून नुसती खरखर.

"ताई, ठेवा ना फोन," समीक्षा म्हणाली. "एकच पान राहिलंय. नायतर अशीच ओढून काढते."

"हात लाव तर खरी! मशीन बसलं तर लाईन जाईल. माणूस पोचला असं ड्रायव्हरनं तोंडानं सांगितल्याबिगर इथं फोन ठेवत नाय आमी."

समीक्षाचा हात माझ्यावरच होता. कारभारी मात्र शांत. पुन्हा पुन्हा येऊन बघायचा, पान सुटलं का? नाही? बरं. जबरदस्ती त्यानं केली नाही.

तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "दोन कटिंग दे रं. भजी गरम हाय का?"

सुनंदा उठूनच उभी राहिली. "जगदीश! अरे मुडद्या, चिंधी कुठंय?"

मग खिशातून फोन काढल्याचा खडखडाट. "अगं सुनंदा! चालूच राहिला व्हय फोन? पोचलो की कवाच. पोरगी झाली तिला! दोघी बऱ्या हायेत."

"आन मी हितं जीव मुठीत धरून बसले, तू भजी खा!" म्हणत तिनं फोन ठेवला आणि डोळे पुसले.

कार्डानं पान सोडलं. कारभाऱ्यानं ते अलगद शेजारणीकडे नेलं. मी रिकामी झाले. समीक्षानं माझ्या खाचेची वीज बंद केली, दोन्ही बाजूंचे खटके दाबले आणि मला उचललं. पडद्यावर काही हललं नाही. पुढचा फोन वाजला तो सुनंदानं उचललासुद्धा.

आता मी समीक्षाच्या दुकानात, जुन्या पट्ट्यांच्या खणात आहे. कोण कुठून आलं ते विचारून झालंय माझं. इथल्या काही जणी भरल्या घरातून, पानं तशीच असताना उपटलेल्या आहेत. त्यांच्यापायी काय काय बंद पडलं ते त्या सांगत नाहीत, मीही खोदून विचारत नाही. एवढंच मागते, तुमच्याकडचं कुणी निघालं असेल, तर त्याचं शेवटचं पान हलेपर्यंत दारात थांबा. मला ते मिळालं, म्हणून मी सुखी आहे.