तळावरचा कंदीलवाला

मित्रांनो, मी एक जुना सोबती आहे. तुमच्यासारखा हाडामांसाचा नाही. राक्षस, किल्ले, जादूची तलवार असलेला जो खेळ तुम्ही टीव्हीच्या पडद्यावर खेळता, त्या खेळातला एक म्हातारा मी. मी लंगडत चालतो. माझ्या खांद्यावर निळी घोंगडी आणि हातात कंदील असतो. मला तलवार चालवता येत नाही.

मला घडवणारी माणसं फार लांबच्या देशातली. धनुष्यवाल्या मुलीवर त्यांनी खूप मेहनत घेतली. मला बहुतेक एका दुपारीत उरकलं असावं. बोलायला वाक्यंही तीनच दिली. आमच्या खेळाचा नियम असा, की मोहिमेवर चारच सोबती न्यायचे. उरलेल्यांनी तळावर शेकोटीपाशी उभं राहायचं. ज्याला नेलं नाही त्याने मान खाली घालून म्हणायचं, "तुम्ही व्हा पुढे. मी आहे इथेच." माझ्या तीन वाक्यांतलं हेच सगळ्यात जास्त वापरलं गेलं.

माझा पहिला मालक भायखळ्याचा. दोन वर्षांत त्याने मला एकदाही नेलं नाही. पुढे त्याने खेळाचं नवं यंत्र घेतलं आणि जुन्या यंत्रासकट आम्ही लालबागच्या एका चाळीत, त्याच्या मित्राकडे, सुशांतकडे आलो. खेळायची ती सुशांतची मुलगी रुचा, पाचवीतली. तिची आई मेघना बाजूला बसून तान्ह्या वरदला थोपटत असायची. आणि खाटेच्या कडेला सुशांतचे वडील, अप्पा.

अप्पांना खेळातलं काही कळत नसे. पडद्यावरचं इंग्रजी रुचा त्यांना मराठीत सांगायची. पहिल्याच रविवारी त्यांनी शेकोटीकडे बोट दाखवून विचारलं, ही माणसं कोण? रुचा म्हणाली, ती उरलेली.

"मग दिवसभर करतात काय?"

"काही नाही अप्पा. उभी राहतात."

मग अप्पांनी सांगितलं, की तरुणपणी ते गिरणीत बदली होते. बदली म्हणजे कायमचा कामगार नव्हे. रोज सकाळी डबा घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं. आत कुणाचा खाडा असेल तर मुकादम बाहेर यायचा आणि बोट दाखवायचा. ज्याच्याकडे बोट, तो आत. मला घ्या, असं अप्पांनी कधी तोंडाने म्हटलं नाही. त्यांना त्याची लाज वाटायची. बोट त्यांच्या गाववाल्याकडे, दगडूकडे वळलं की ते त्याला म्हणायचे, "तू हो फुडे. मी हयच आसंय." आणि भरलेला डबा तसाच घरी आणायचे.

रुचाने माझं वाक्य मराठीत सांगितलं तेव्हा अप्पा हसले. "अगं, हा आमच्यातलाच. ने याला आज."

मित्रांनो, माझे चांगले दिवस तेव्हा सुरू झाले. रोज कुणाला न्यायचं ते अप्पा ठरवायचे, आणि जो जास्त दिवस उभा असेल त्याला आधी न्यायचे. रुचा कुरकुरायची, की यामुळे आपण हरतो. आम्ही हरायचोही. पण एकदा काळोख्या भुयारात माझ्या कंदिलाच्या उजेडात पुढचा खड्डा दिसला आणि सगळे वाचले. त्या दिवशी अप्पांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर मी जवळजवळ रोज गेलो.

मग चाळ पाडायची ठरली. नवी इमारत होईपर्यंत भाड्याची जागा मिळाली ती शीवला. एकच खोली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एका संध्याकाळी सुशांतने अप्पांना विचारलं, की तुम्ही तेवढे दिवस गावी काकांकडे राहाल का? तुमची इच्छा असेल तरच.

मी तेव्हा भुयारात होतो. रुचाचे हात थांबले, म्हणून मीही थांबलो.

अप्पा वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "माझं काय. तुम्ही व्हा पुढे."

सुशांतने सुटकेचा श्वास सोडला. मेघना काही बोलणार होती, पण वरद रडायला लागला.

"पप्पा, परत एकदा विचारा ना त्यांना," रुचा म्हणाली.

"अगं, विचारलं की. तेच म्हणाले ना?"

अप्पा माझ्या कंदिलाकडे बघत राहिले.

शीवला आमच्या यंत्राचं खोकं कपाटावर गेलं आणि कित्येक महिने तिथेच राहिलं. धूळ बसली. आतून मला फोन ऐकू यायचे. सुरुवातीला अप्पा विचारायचे, कंदीलवाला कसा आहे? पुढे विचारेनासे झाले. सुशांत विचारायचा, बरे आहात ना? ते म्हणायचे, बरा आहे. एकदा रुचाने फोन घेऊन सरळ विचारलं, "अप्पा, इकडे येता?" पलीकडून ते म्हणाले, "पप्पा काय म्हणतात?"

सुशांत तिथेच उभा होता. त्याने ऐकलं. तो पाणी प्यायला आत गेला.

त्यानंतर रुचाने खोकं खाली काढलं आणि ती पुन्हा खेळायला लागली. आता आम्ही शेवटच्या दरवाजाशी उभे आहोत. या दरवाजातून आत गेलं की परत येता येत नाही. तळावर राहिलेले कायमचे तळावर राहतात. रुचाने तिघांनाच घेतलंय. त्यात एक मी. रोज ती आम्हाला दरवाजापर्यंत नेते आणि थांबते.

काल सुशांत म्हणाला, "जा ना आत. चौथी ती धनुष्यवाली घे की, उभी आहे बिचारी."

"ती जागा धरून ठेवलीय," रुचा म्हणाली.

सुशांत तिच्याशेजारी बसला. हातातला फोन त्याने उलटा करून मांडीवर ठेवला. लावला मात्र नाही.

मित्रांनो, मी तलवार न चालवणारा म्हातारा, तुम्हाला काय शिकवणार? एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी "तुम्ही व्हा पुढे" म्हणालं, तर लगेच पुढे होऊ नका. आणखी एकदा विचारा. त्यानंतरही विचारा. अशा वेळी आम्हाला बोलायला तेवढंच वाक्य दिलेलं असतं.