पहिले दृश्य लक्षण

कसिनो कंपनीचे निवेदन दोन वाक्यांचे होते. "पाहुण्यांच्या अस्वस्थतेचे पहिले दृश्य लक्षण आढळल्यापासून नव्वद सेकंदांच्या आत प्रशिक्षित प्रथमोपचारक त्यांच्यापाशी पोहोचले. तत्पूर्वी टेबलावरील कोणाही व्यक्तीला, सर्वसामान्य ज्ञानाच्या आधारे, प्रकृतीतील बिघाड ओळखता येणे शक्य नव्हते."

आकस्मिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून नोएलीन ट्रेगेन्झाने ते तिसऱ्यांदा वाचले. मुरिंडाच्या इस्पितळात चौतीस वर्षे तिने रुग्णांच्या नोंदी लिहिल्या होत्या. नोंद कशी लिहावी हे तिला कळत होते, आणि काही कळू नये म्हणून ती कशी लिहितात हेही. पहिल्या वाक्यात एकही आकडा खोटा नव्हता. प्रथमोपचारक चौऱ्याऐंशी सेकंदांतच आला होता. वरचे सहा सेकंद कंपनीने औदार्याने स्वतःच्या विरुद्ध मांडले होते. लबाडी विशेषणात होती. दृश्य, पण कोणाला? छतातल्या कॅमेऱ्यांना. ते कॅमेरे टेबलाच्या हिरव्या कापडावर रोखलेले असतात. चिप कुठून कुठे सरकली, पत्ता कोणी कोणत्या बोटांनी उचलला, हे त्यांना पानावरच्या अक्षरासारखे वाचता येते. माणसाचा चेहरा त्यांच्या चौकटीत येत नाही, कारण कसिनोतून आजवर कोणी चेहरा चोरून नेलेला नाही. तेव्हा जे लक्षण चेहऱ्यावर उमटले ते कंपनीच्या भाषेत उमटलेच नाही. जे धाडकन टेबलावर आपटले ते पहिले.

दुसरे वाक्य अधिक कसबी होते. टेबलावर नऊ माणसे बसली होती. त्यांतल्या आठांपाशी सर्वसामान्य ज्ञान होते. नववीने प्रवेशाच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात 'निवृत्त' एवढेच लिहिले होते, आणि कशातून निवृत्त हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

मुरिंडाच्या बोलिंग क्लबात दर गुरुवारी पोकर चालतो. प्रवेश फुकट, जिंकणाऱ्याला खाटकाकडचा मटणाचा ट्रे. वर्षभरात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला क्लब आपल्या खर्चाने किनाऱ्यावरच्या कसिनोतल्या मोठ्या स्पर्धेला धाडतो. अकरा वर्षांत अकरा जण गेले, आणि अकराही जण उन्हाने भाजलेली नाके तेवढी घेऊन परतले. बक्षिसाच्या यादीत कोणाचे नाव लागले नाही. म्हणून वार्षिक सभेत ठराव झाला, की जो कोणी यादीत येईल त्याचे नाव मानाच्या फळीवर चढेल.

ही फळी बारच्या मागे आहे. काळपट लाकूड, सोनेरी अक्षरे. तिच्यावर नोएलीनच्या नवऱ्याचे नाव तीनदा आहे, बोलिंगसाठी. तिच्या बापाचे एकदा आहे, युद्धासाठी. दिराचे आहे, दोन मुदती अध्यक्ष होता म्हणून. त्या फळीखाली उभे राहून नोएलीनने किती सँडविच कापली, किती ग्लास विसळले, याची नोंद कुठल्याच फळीवर नाही. तिला पैसा नको होता असे नाही. शेवटच्या बक्षिसालाही अकरा हजार डॉलर होते. पण निघायच्या सकाळी आरशासमोर केस विंचरताना तिला दिसत होती ती अक्षरेच.

"पैसे आण, नाहीतर निदान कोळंबी तरी आण," क्लबाचा चिटणीस नेव्हिल बस-थांब्यावर म्हणाला होता.

"तुला कोळंबी आणि मला फळी. ठरलं?"

"फळीवर जागा एकाच ओळीची उरलीय बघ. नंतर नवी घ्यावी लागेल."

"मग राखून ठेव ती ओळ."

सहाशे वीस जण बसले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी शंभराच्या आत उरले, आणि नोएलीन त्यांत होती. कशी, तर न खेळून. चांगला पत्ता आल्याशिवाय हात घालायचा नाही हे गुरुवारचे शहाणपण तिथेही पुरले. तिच्या डाव्या हाताला लास्लो वेरेश बसला होता, सत्तरी ओलांडलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला.

"चिप्स काय रचता हो," तो म्हणाला. "जणू औषधाच्या गोळ्या."

"नर्स होते. सवय जात नाही."

"मग मी सिस्टर म्हणणार. या वयात सिस्टर शेजारी मिळणं म्हणजे पत्त्यांपेक्षा मोठं नशीब."

तिने त्याला फळीची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर तिला लाजल्यासारखे झाले, पण म्हातारा मान मागे टाकून हसला. "अहो, चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? गावोगावच्या क्लबांत जाऊन सोन्याचा वर्ख लावायचा. ट्रेगेन्झा! एवढं लांबलचक नाव! घाम फुटला असता मला. आणि ऐका, आता प्लास्टिकची अक्षरं चिकटवतात. तसलं काही करू देऊ नका. दोन उन्हाळ्यांत सोलपटतात."

"आधी जिंकू तर द्या."

"जिंकतंय कोण? टिकायचं."

समोर ब्रॉडी बसला होता, पंचविशीचा, डोक्यावर हुडीची टोपी आणि डोळ्यांवर काळा चष्मा. चिप्सचा डोंगर त्याच्यापुढेच होता. "आजी-आजोबा, लग्नाची तारीख निघाली असेल तर पत्ते टाका."

"तुला बोलावू ना बाळा," लास्लो म्हणाला. "ताटं उचलायला."

पत्ते वाटणारी डीलर शार्मेनसुद्धा हसली. जेवणाच्या सुट्टीत लास्लोने कोणाला तरी फोन केला आणि परत येताना नोएलीनसाठी चहा आणला.

तीनच्या सुमारास सगळे दालन थांबले. एकोणनव्वद जण उरले होते, आणि बक्षिसे अठ्ठ्याऐंशी. आता जो बाद होईल तो तीन दिवस खेळून हात हलवत जाणार. बाकीच्या सगळ्यांची नावे यादीत. अशा वेळी कसिनोची एक रीत आहे. सगळ्या टेबलांवर एकाच वेळी एकच डाव वाटतात. ज्या टेबलाचा डाव संपला तिथला डीलर उभा राहतो, आणि सगळे डीलर उभे राहिले की मगच पुढचा डाव. एकेका डावाला चार-चार मिनिटे लागतात. कोणीतरी पडावे म्हणून शेकडो माणसे श्वास धरून बसतात, आणि या प्रकाराला न्याय्य पद्धत म्हणतात.

दुसरी रीत सक्तीच्या रकमेची. तिला ब्लाइंड म्हणतात. ती डावागणिक एकेक खुर्ची पुढे सरकते आणि जिच्यापुढे येईल तिला भरावीच लागते. खुर्ची रिकामी असली तरी. रिकाम्या खुर्चीचे पत्ते डीलर न बघता टाकून देतो आणि पाळी येईल तेव्हा ब्लाइंड तेवढी कापून घेतो.

नोएलीनपाशी जेमतेम एका ब्लाइंडएवढ्या चिप्स होत्या, आणि ब्लाइंडची पाळी पाच डावांनी तिच्यावर येणार होती. लास्लोपाशी तिच्या पाचपट; शिवाय त्याची पाळी तिच्यानंतर.

पहिला डाव वाटला. लास्लोने उजव्या अंगठ्याने पत्त्याचा कोपरा उचलायचा प्रयत्न केला. अंगठा कापडावर घसरला. पुन्हा घसरला. मग त्याने तो हात, आपला नसल्यासारखा, मांडीवर ठेवून दिला आणि डाव्याने पत्ते पाहिले.

नोएलीनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ते तिने केले नाही. चौतीस वर्षांच्या सवयीने केले. पक्षाघाताचा रुग्ण आला की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, कधी सुरू झाले, आणि उत्तर देणे हे नर्सचे काम. तीन वाजून बारा.

आता हात वर करायचा. एवढेच. शार्मेन पर्यवेक्षकाला बोलावील, पर्यवेक्षक स्ट्रेचर, लास्लोला नेतील, आणि त्याची खुर्ची रिकामी होईल.

इथे तिचा हिशेब सुरू झाला. तो तिने मागवला नव्हता. रिकामी खुर्ची चूक करत नाही. रिकामी खुर्ची पत्ते टाकत राहते, ब्लाइंडची वाट पाहते, आणि तिच्याहून कितीतरी वेळ टिकते. आजारी माणूस चुका करतो. हात वर केला तर एकोणनव्वदावी ती. नाही केला तर कदाचित तो.

कदाचित मुंग्या आल्या असतील, तिने स्वतःला सांगितले. वॉर्डात एखाद्या पोरीने असे उत्तर दिले असते तर नोएलीनने तिला त्याच पाळीत घरी धाडले असते.

दुसऱ्या डावात लास्लोच्या बोटांतून एक मोठी चिप सुटली, घरंगळली आणि बोलीची पिवळी रेषा ओलांडून आडवी झाली.

"एक चिप, तोंडाने बोली नाही," शार्मेन म्हणाली. नियम तसाच आहे. "म्हणजे बरोबरी केली."

लास्लो काही बोलायला गेला. शब्द ओले होऊन आले.

"किती घेतलीत, आजोबा?" ब्रॉडी म्हणाला. "मला पण सांगा की कुठल्या बारमध्ये एवढी ओततात!"

दोघे-तिघे हसले. शार्मेनचे डोळे खेळाडूंच्या हातांवर होते, कारण शिकवणीत डीलरना तेच सांगितलेले असते: चेहरे पाहू नकोस, हात पाहा. डाव संपला आणि ती उभी राहिली. सगळ्या दालनात डीलर एकामागून एक उभे राहिले, मानवंदना दिल्यासारखे.

तिसऱ्या डावात तोंडाची उजवी बाजू उतरली. आता ते आंधळ्यालाही दिसले असते, पण आंधळे नसलेले सगळे दुसऱ्या टेबलांकडे माना उंचावून पाहत होते, कोणी पडले का म्हणून. लास्लोने मान वळवली, कष्टाने, जड दार ढकलावे तशी. त्याची नजर नोएलीनवर येऊन थांबली.

"सिस्टर," तो म्हणाला. तो एक शब्द जवळजवळ स्वच्छ आला.

ती खाली पाहत राहिली.

चौथा डाव वाटला तेव्हा तो पुढे झुकला. डावा कोपर सगळ्या चिप्सना घेऊन रेषेपलीकडे गेला.

"सर, सगळ्या लावल्यात?"

उत्तर आले नाही. चिप्स रेषेपलीकडे होत्या, तेव्हा उत्तर लागत नव्हते. ब्रॉडीने बरोबरी केली. पत्ते उलटले, लास्लोचे उलटून द्यावे लागले. शार्मेनने मधले पत्ते मांडले, चिप्स ब्रॉडीकडे सरकवल्या आणि हात वर करून म्हणाली, "एक खेळाडू बाद."

कर्ण्यावरून घोषणा झाली: अभिनंदन, उरलेले सगळे बक्षिसात. दालन टाळ्यांनी दणाणले. माणसे अनोळखी माणसांना मिठ्या मारू लागली. त्या टाळ्यांत लास्लो वेरेश खुर्चीवरून घसरला आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आपटले. तीन वाजून एकोणतीस. पहिले दृश्य लक्षण.

नोएलीन पहिली खाली बसली. तिने त्याला कुशीवर वळवले, कॉलर सैल केली, श्वासवाट मोकळी ठेवली, सगळे बिनचूक. चौऱ्याऐंशी सेकंदांनी प्रथमोपचारक आला आणि म्हणाला, "व्वा, बाई, तुम्हाला येतं की सगळं." लास्लो तिसऱ्या दिवशी गेला.

क्लबाने फळीवर नाव चढवले. प्लास्टिकच्या अक्षरांत; वर्ख लावणारा आता मिळत नाही म्हणे. तिने पोलिसांना जो जबाब लिहून दिला तो एका ओळीचा होता: "मी माझे पत्ते पाहत होते, त्यामुळे माझे लक्ष गेले नाही." कंपनीच्या वकिलांना तो फार आवडला.

कोर्टाबाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी पन्नाशीची एक बाई येऊन बसली. तिने डबा उघडून अर्धे सँडविच पुढे केले. "मी इलोना. लास्लोंची मुलगी."

नोएलीनने सँडविच घेतले. घेतल्यावर काय करायचे ते तिला सुचेना.

"त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन आला होता," इलोना म्हणाली. "मी त्यांना ओरडत होते, एवढा वेळ बसू नका, रक्तदाब आहे. तर म्हणाले, अगं, शेजारी एक सिस्टर बसलीय, कशाला काळजी करतेस." ती थोडी हसली. "निदान परक्यांत नाही गेले. मला तेवढंच बरं वाटतं."

आत बोलावणे आले. कंपनीचा वकील सौम्य होता. त्याने निवेदन वाचून दाखवले, मग तिचा जबाब, मग विचारले, "मिसेस ट्रेगेन्झा, तीन एकोणतीसच्या आधी एखाद्या सामान्य माणसाला हे कळलं असतं, असं तुम्हाला वाटतं?"

"सामान्य माणसाला, नाही."

"आभारी आहे." तो बसला. निवेदन टिकले होते. फळी टिकली होती.

कोरोनर बाईने चष्म्यावरून पाहिले. "तुमच्या लेखी जबाबात काही बदल करायचा आहे?" हा प्रश्न ती प्रत्येक साक्षीदाराला विचारत होती, आणि लेखनिकाने उत्तर येण्याआधीच 'नाही' टंकायला सुरुवात केली होती.

नोएलीनच्या हातात अजून ते अर्धे सँडविच होते. तिने ते साक्षीच्या कठड्यावर ठेवले. लेखनिकाला अक्षर पुसावे लागले. त्याने जे उतरवून घेतले ते असे:

"हो, करायचा आहे. तीन वाजून बारा मिनिटांनी मला कळलं होतं. मी चौतीस वर्षं नर्स होते. मी घड्याळ पाहिलं, आणि मग माझ्या चिप्स मोजल्या. तिथून चार डाव मी गप्प बसले, कारण तो आधी बाद व्हायला हवा होता. त्याने मला हाक मारली तेव्हा मी पत्ते पाहत होते असं मी लिहिलंय. ते खोटं आहे. पत्ते मी केव्हाच टाकले होते. माझ्यापुढे काहीच नव्हतं. मी नुसती खाली बघत होते."