रक्त न घेताच सुटलेला पट्टा

मी एक जुना रबरी पट्टा आहे. रक्त काढताना दंडाला करकचून बांधतात ना, तोच. आता अंगाला चिरा पडल्यामुळे नाशिकच्या एका लॅबच्या खणात, फुटक्या थर्मामीटरशेजारी पडून असतो. मित्रांनो, माझ्याकडे कुणी कधी प्रेमाने पाहिलं नाही. कारखान्यात घडलो तेव्हा वाटलं होतं, बेचकीला लागेन, कैऱ्या पाडीन. नशिबी दंड आले.

दंडाला बांधलं की ठोके माझ्या अंगावर आदळतात. तोंडाने माणूस काहीही म्हणो, खरी भीती मला कळते. अठ्ठ्याण्णव साली छायाचा दंड बांधला, तेव्हा मीच घाबरलो.

छाया मखमलाबादच्या मळ्यातली सून. बोटांना झेंडूचा वास. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नव्हतं. अंडं तयार होतं की नाही हे सांगणारं हार्मोन रक्तात बघायचं होतं. ते पाळी सुरू झाल्यापासून एकविसाव्या दिवशी बघतात. दोनदा रक्त दिलं, दोनदा आकडा तळाला. सासू नवसाबाईंनी ही बातमी लॅबच्या बाकावर मोठ्याने सांगितली, उगाच कुणी अंधारात राहायला नको म्हणून.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर मनीषाबाईंनी विचारलं, “एकविसावाच ना?”

“एकविसावाच हाय. सोता बोटांवर मोजून आणलीय,” नवसाबाई म्हणाल्या. “या टायमाला नाय जमलं तर दिंडोरीची पोरगी बघून ठेवलीय. वाफ्यात रोप जगलं नाय तर दुसरं लावतो बाई, रडत नाय बसत.”

छायाचा नवरा निवृत्ती कॅलेंडरवरच्या गणपतीकडे बघत राहिला. अंबडच्या कारखान्यात तो मशीन चालवायचा. घरी त्याला चालवायचं काम आईकडे होतं.

पडदा ओढला. मला बांधलं. ठोके असे, की वाटलं मी तुटतो.

“लवकर घ्या बाई,” छाया कुजबुजली. “पोट दुखायला लागलंय. आज-उद्या पाळी येईल.”

सुई हवेतच थांबली. “इतक्यात? अगं, तुम्ही मोजता कधीपासून?”

“डोक्यावरून पाणी घेतलं की तवापासून. आधीचे चार दिवस मी बाजूला बसते. आत्याबाई ते दिवस धरत नाय.”

मित्रांनो, एका बाईचा संसार त्या न धरलेल्या चार दिवसांवर लटकत होता. दर वेळी रक्त चार दिवस उशिरा, पाळीच्या तोंडावर निघत होतं, आणि तेव्हा तो आकडा उतरलेलाच असतो. मनीषाबाईंनी रक्त न घेताच मला सोडलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच.

पुढच्या महिन्यात पहिल्या दिवसापासून मोजलं. आकडा चांगला निघाला. नवसाबाईंनी रिपोर्ट उलटा करून मागची बाजूही तपासली.

“मंग आता?”

“आता यांचं रक्त. हार्मोन पुरुषाचंही बघतात,” म्हणत मनीषाबाईंनी मला उचललं.

निवृत्ती पांढरा पडला. त्याच्या दंडावर मला कळलं, भीती तीच होती, छायाच्या दंडातली, फक्त पाच वर्षं उशिरा आली होती. छायाने त्याचा दुसरा हात धरला. “डोळे मिटा. मुंगी चावल्यासारखं होतं. मला विचारा.”

त्याचा रिपोर्ट आला, तेव्हा नवसाबाईंनी तो पिशवीच्या तळाशी, भाजीखाली सारला. बाकावर कुणाला काही कळलं नाही. दिंडोरीचं नाव पुन्हा निघालं नाही.

माझी विनंती एवढीच. बांधायचं तर बांधा, पण वेळेवर सोडा. फार वेळ आवळून ठेवला की हात काळानिळा पडतो. आणि तो नेहमी बाईचाच असतो.