सरपंचाची आंघोळ

शेषेरावांच्या हातून नुसतं पाणी आजवर कुणाला मिळालं नव्हतं. जळकोटकडच्या त्यांच्या गावात ही गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक होती. सोयाबीनवर फवारायचं असो की कुणाच्या दुखऱ्या गुडघ्यावर चोळायचं असो, शेषेराव त्यात आपलं काहीतरी घातल्याशिवाय राहत नसत. निंबोळी, गूळ, ताक, हळद, जे हाताला लागेल ते. पीक आलं की श्रेय अर्काचं आणि जळालं की दोष आभाळाचा, असा त्यांचा सरळ न्याय होता.

एकदा मात्र हा न्याय पुरला नाही. सुकन्यानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, नांदेडच्या घराच्या गॅलरीत गुलाब लावला होता. शेषेरावांनी त्याला टॉनिक दिलं. पानं पिवळी पडली म्हणून दुसरं दिलं. गुलाब गेला तेव्हा "ऊन लागलं असंल" म्हणून ते मोकळे झाले. सुकन्यानं त्या कुंडीत कोरफड लावली आणि कोरफडीजवळ बापाला कधी एकटं सोडलं नाही.

आता सुकन्याला सातवा महिना होता आणि शेषेराव गावाकडून तिच्याकडं येऊन राहिले होते. बायको साखराबाई असत्या तर प्रश्नच नव्हता, पण त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. जावई दयानंदची आई उमरीला थोरल्या सुनेच्या लेकरांत अडकलेली. सुकन्याची बाळंतपणाची सुट्टी संपून ती नोकरीवर गेली की बाळापाशी कोण, असा विषय निघाला की शेषेराव खाकरून म्हणायचे, "मी हाय की." त्यावर कुणी नाही म्हणत नसे, आणि हो तर अजिबात म्हणत नसे. एकदा स्वयंपाकघरातून दयानंदचा दबका आवाज त्यांच्या कानावर आला, "आधी मामांकडं एक दिवस सरपंच ठेवून बघू. बाळाचं मग बघू."

सरपंच म्हणजे त्यांच्या घरचा पोपट. कॉकाटील जातीचा, परदेशी वाणाचा. अंगानं राखाडी, गालावर केशरी ठिपके, डोक्यावर पिवळा तुरा. तुरा उभारून दिवसभर घरादाराला रागवत बसायचा, म्हणून दयानंदनं हे नाव ठेवलेलं. थोडक्यात, शेषेरावांची परीक्षा ठरली होती आणि परीक्षक होता पोपट. त्यांनी मनातल्या मनात स्वतःला दम भरला. शेषेराव, नातवंड मांडीवर पाहिजे असंल तर एक दिवस अक्कल गुंडाळून ठेव.

तो दिवस मे महिन्यातला निघाला. सुकन्याची खात्यातल्या बढतीची परीक्षा लातूरला होती, आणि अशा अवस्थेत बसचे धक्के नकोत म्हणून दयानंद तिला गाडीनं घेऊन निघाला. दारात चप्पल घालता घालता ती म्हणाली, "आबा, ऊन चढायच्या आधी सरपंचाला आंघोळ घाला. ह्या बाटलीतून वरून बारीक फवारा उडवायचा, पावसावानी. नुसतं पाणी."

"नुसतं?"

"नुसतं. पंख पसरून तो आपलं आपण घेतो."

"जा तू बिनघोर. फवारणी कुणाला शिकवून राहिलीस?"

सुकन्यानं दयानंदकडं पाहिलं आणि दयानंदनं घड्याळाकडं.

खोटं कशाला बोला, पहिला फवारा शेषेरावांनी इमानदारीत नुसत्या पाण्याचाच उडवला. सरपंचानं पंख पसरले, तुरा उभारला, आणि पाणी पिसांवरून टपाटपा घरंगळून खाली गेलं. अंग झटकलं की गडी कोरडाच. इथं घात झाला, कारण शेषेरावांच्यातला शेतकरी जागा झाला. कांद्याची पात म्हणा, हळदीचं पान म्हणा, गुळगुळीत पानावर औषध ठरत नाही, मातीत जातं. त्याला इलाज एकच. पंपात स्टिकर नावाचं चिकटवणारं औषध टाकायचं, म्हणजे पाणी पानाला धरून बसतं. स्टिकर नाही ती फवारणी नाही, हे त्यांनी आख्ख्या गावाला सुनावलं होतं. आणि इथं लेकीचा पोपट भर उन्हाळ्यात वरच्या वर कोरडा राहत होता.

"दुकानातलं स्टिकर घालायला मी काय येडा हाय का," ते सरपंचाला म्हणाले. म्हणजे विचार येऊन गेला होता.

घरात सुकन्याचे केसांना लावायचे रिठे होते. त्यांचा फेस काढला. गॅलरीतून हाताला येणारा कडुलिंबाचा पाला उकळला. हळद चिमूटभरच घेतली, पण शेषेरावांची चिमूट एकराच्या मापाची होती. सगळं गाळून, निववून, आधी स्वतःच्या मनगटावर मारून पाहिलं. मनगटाला काही झालं नाही. मनगटाला पिसं नसतात, हे तेव्हा सुचलं नाही.

मग जी फवारणी झाली ती अगदी रीतसर झाली. वरून, बाजूनं, आणि पानाच्या खालूनही, कारण कीड तिथंच बसते. सरपंच सारखा ओरडत होता. "लागू पडून राहिलंय," शेषेराव म्हणाले. आणि खरंच पाणी ठरलं. बाटली ठेवून ते कमरेवर हात देऊन उभे राहिले. साखराबाई असत्या तर एवढ्यात विचारलं असतं, आता काय बिघडवलंत? त्या नव्हत्या, म्हणून ते थोडा वेळ खूश राहू शकले.

सरपंचानं अंग झटकलं. पाणी निघालं नाही. पुन्हा झटकलं. पिसं अंगाला चिकटून पाखरू निम्मं झालं होतं, त्यात हळदीनं पिवळं, आणि समोरून कूलरचा गार वारा. तो दांडीवरून घसरला, पिंजऱ्याच्या तळाशी बसला आणि थरथरायला लागला. रागवलासुद्धा नाही.

शेषेराव पिंजऱ्यापाशी उकिडवे बसले. पाखराच्या पिसाला मुळातच तेलाचा हात असतो, पाणी आत शिरू नये म्हणून, आणि आपण नेमका तोच धुऊन काढला, हे त्यांना आता लख्ख कळलं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ते स्वतःला म्हणाले, "तुझा तर पिंजराबी रिकामा होतो बघ."

आणि एवढं होऊनही हात कुठं जावा? ओव्याच्या डब्याकडं. गारठ्याला ओव्याची धुरी, दुसरं काय. झाकण उघडलं आणि त्यांना तो गुलाब आठवला. तो पहिल्या औषधानं गेला नव्हता, दुसऱ्यानं गेला होता. त्यांनी झाकण लावलं.

उरला फोन. फोन केला की नातवंड हातचं गेलं, हे उघड होतं. नाही केला आणि पाखरू आपोआप वाळलं, तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता. हळदीचं काहीतरी सांगता आलं असतं, सांगण्यात ते कधी कमी पडले नव्हते. तेवढ्यात सरपंचानं डोळे मिटले आणि शेषेरावांनी दयानंदला फोन लावला. सुकन्याचा पेपर चालू होता, तो बाहेर झाडाखाली बसला होता.

"जावईबापू, मी सरपंचाला रिठ्यानं धुतलं."

लातूरच्या रहदारीतून दयानंदचा आवाज आला.

"आन?"

"लिंबाचा पाला. हळद."

"आन काय, मामा?"

"बस्स. ओवा न्हाई दिला."

"कूलर बंद करा," दयानंद म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "कोमट पाण्यानं फेस काढा, फडक्यानं टिपा आणि छातीशी धरून बसा. दुसरं काहीसुद्धा करू नका."

काहीसुद्धा न करणं हे शेषेरावांनी जन्मात केलं नव्हतं. फेस काढला, टिपलं, पाखरू बंडीच्या आत घेतलं. कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि नांदेडचा मे. घामाच्या धारा लागल्या. मध्येच वाटायचं, आल्याचा थेंबभर रस? तसं वाटलं की ते हात आणखी घट्ट धरायचे. छातीशी ते एवढंसं काळीज धडधडत होतं आणि त्यांना वाईट वाटत होतं, साधं सरळ वाईट. "लई चुकलं माझं," ते बंडीत बघून म्हणाले.

संध्याकाळी दार उघडून सुकन्या आत आली तेव्हा आबा घामानं निथळत बसले होते. बंडी पिवळी झाली होती. बंडीच्या गळ्यातून तुरा बाहेर आला होता आणि त्याखालून सरपंच त्यांची हनुवटी टोचत त्यांना रागवत होता.

तिनं त्याला हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं. दयानंदनं पंखा लावला.

"वाचला," ती म्हणाली. "पिसाला तेल सुटंस्तोर धड उडायचा न्हाई. उद्या डॉक्टरला दाखवू."

"मी सकाळी गावाकडं जातो," शेषेराव म्हणाले. "इथं राहून अजून काय काय बिघडवू."

सुकन्या आत गेली. पिवळं पाणी मोरीत ओतलं, बाटली घासली, नळाखाली भरली आणि आणून त्यांच्या हातात दिली.

"गुलाबाच्या वेळी तुमी सांगितलं नव्हतं, आबा. आज सांगितलं." ती खुर्चीत टेकली आणि पोटावर हात ठेवला. "ह्याला बरं वाटलं की आंघोळ तुमीच घालायची. नुसतं पाणी. आन बाळालाबी नुसतं पाणी."

शेषेरावांना समजायला जरा वेळ लागला.

"बाळाला थोडं डाळीचं पीठ..."

"आबा."

"नुसतं पाणी," शेषेराव म्हणाले, आणि बाटली दोन्ही हातांत धरून रडायला लागले. सरपंच तुरा उभारून त्यांना रागवतच होता.