कान पाण्यात, तोंड वर

एक्सरेवाल्यांनी डोकं हळूच मागे टाकलं, कान पाण्याखाली गेले आणि जगाचा आवाज बंद झाला. छतातल्या काचांमधून उतरलेलं सकाळचं ऊन पाण्यावर हलत होतं आणि तेच ऊन उलटून पुन्हा छतावर हलत होतं. वर कुठलं नि खाली कुठलं, हे थोड्या वेळाने कळेनासं व्हायचं. पायही आज शहाण्यासारखे तरंगत होते. पण शुक्रवार उजाडला होता आणि साडेदहाला लेक यायची होती.

थापा अंगाशी आल्या होत्या, दुसरं काय.

लेकीला दूरच्या शहरात बढती मिळाली होती. होकाराचं पत्र महिनाभर तिच्या पर्समध्ये सहीवाचून पडलेलं. आई गेल्यापासून बाबा एकटे, त्यांना टाकून मी कशी जाऊ, हे तिचं पालुपद. रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, आज कोणाशी बोललात? खरं उत्तर होतं, कोणाशीच नाही. पण आपल्यापायी पोरीचं आयुष्य अडकलंय हे त्यांना सहन होईना. एका संध्याकाळी त्यांनी ठोकून दिलं की एकटा कुठला, पोहण्याच्या तलावावर आमचा चौघांचा कंपू आहे! एका थापेला दुसरी लागतेच. कंपू हसू लागला, चहा पिऊ लागला, रुसूफुगूही लागला. शेवटी लेक म्हणाली, शुक्रवारी येते, भेटवा सगळ्यांना. भेटले की तिथल्या तिथे सही करते.

कंपूतली माणसं खरी होती, एवढंच काय ते खरं. साठीपुढच्यांसाठी राखून ठेवलेल्या तासाला तिघं नेमाने यायची. एक बसचे ड्रायव्हर, निवृत्त होऊनही पाण्यात वळताना आधी हात दाखवणारे. एक शिलाईवाल्या बाई, नजरेनेच माणसाचं माप घेणाऱ्या. आणि एक मास्तर, कानाचं यंत्र काठावर काढून ठेवणारे. तिघंही तरंगत तरंगत नेमकी एक्सरेवाल्यांच्या आसपास यायची, मास्तर तर अगदी खांद्याला खेटून. पाण्याला त्या बाजूला ओढ असावी, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. तीन महिन्यांत मान हलवण्यापलीकडे मजल गेली नव्हती.

जाणार कशी? छत्तीस वर्षं दवाखान्यात एक्सरे काढताना त्यांनी माणसांशी चारच वाक्यं बोलली होती. श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा. की झालं, पुढचा. मधल्या वेळी ते जाड काचेमागे जाऊन उभे राहायचे आणि तिथे मात्र तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. पलीकडे काही ऐकू जात नाही म्हटल्यावर कसली भीड! बायकोची दुखणी, लेकीचे प्रताप, साहेबांचा उद्धार, सगळं त्या काचेला तोंडपाठ असणार. पाण्याखाली कान गेले की त्यांना पुन्हा त्या काचेमागे गेल्यासारखं वाटायचं, अगदी बिनघोर.

सोमवारपासून ते एक वाक्य घोकत होते. माफ करा, आजच्या दिवस माझे मित्र व्हाल का? आता बोलू, मग बोलू म्हणता म्हणता साडेदहा वाजले आणि डोळे उघडून पाहतात तो लेक काठावर उभी.

ते धडपडत उभे राहिले. आता खरं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात शिलाईवाल्या बाई पाणी कापत पुढे झाल्या.

"आलीस? पडदा कापून बाहुलीला झगा शिवणारी तूच ना गं?"

लेक चकित होऊन हसली आणि चपला काढून काठावर बसली. मग ड्रायव्हरांनी तिला नव्या शहरातले रस्ते समजावले. मास्तरांनी यंत्र कानाला लावून तिची विचारपूस केली. बाबा कणकण आली तर अंगावर काढतात, तेवढं आम्ही बघू, असंही बाईंनी वर सांगितलं. एक्सरेवाले छातीभर पाण्यात नुसते उभे. लेकीने पत्र काढलं, गुडघ्यावर ठेवून सही केली. तिचे डोळे भरून आले होते. साहेबांना कळवून येते म्हणत ती फोन घेऊन बाहेर गेली.

"झग्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी बाईंना दबक्या आवाजात विचारलं.

"तुम्हीच. तीन महिने सांगताय."

"मी?"

"आडवे झालात की बोलता. चांगलं खणखणीत. कान तुमचे पाण्यात असतात, आमचे बाहेर."

एक्सरेवाल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बायकोचे शेवटचे दिवस, रिकाम्या घरात स्वतःशीच केलेलं भांडण, सगळं आठवलं. कंपूची थापही.

"ती थाप सोमवारीच कळली, तुमचं घोकणं ऐकून," बाई म्हणाल्या. "तुम्हाला टोकलं असतं तर तुम्ही बोलायचं थांबला असता." त्यांनी पुढ्यातलं पाणी हाताने सारलं. "माझ्या घरी दिवसभर कोणी बोलत नाही हो."

ड्रायव्हरांनी हलकेच मान हलवली. छतावरचं ऊन हलत राहिलं.

"ते असू द्या," मास्तर म्हणाले. "परवा तास संपल्याची शिट्टी झाली आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. फोटोत त्या माणसाच्या पोटात अंगठी दिसली. ती त्याच्या बायकोची होती की नव्हती? दोन दिवस आमचा वाद चाललाय."

एक्सरेवाल्यांनी आडवं व्हायला मान मागे टाकली आणि मध्येच थांबले. समोर तीन ओले चेहरे वाट बघत होते. चेहऱ्याकडे बघून गोष्ट सांगायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मान सरळ केली, तळहाताने कानातलं पाणी झटकलं.

"नव्हती," ते म्हणाले, आणि स्वतःचा आवाज ऐकून जरा दचकले.

तिघं जवळ सरकली.