एकटीनं ‘आमी’ कसं म्हणायचं

मी बोलतोय खरा, पण आधीच सांगून ठेवतो, बोलणं हा काही माझा स्वभाव नाही. माझा स्वभाव ऐकण्याचा. ऐकायचं आणि ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणायचं, कोणी थांब म्हणेपर्यंत. मी लूप पेडल. वीतभर लांबीची लोखंडी डबी, एक बटण, एक गोल खुंटी आणि एक लाल दिवा. गाणाऱ्याच्या पायाशी पडून राहतो. त्यानं एकदा पाय दिला की ऐकायला लागतो, दुसऱ्यांदा दिला की तेवढाच तुकडा गोल गोल वाजवत बसतो. त्यावर तो आणखी एक तुकडा चढवतो, मग आणखी एक. असं करत एकटा माणूस पाच जणांएवढा होतो.

जन्म माझा कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो पहिला मालक, मुलुंडचा देवव्रत. नोकरी विम्याच्या ऑफिसात, पण गिटारची हौस दांडगी. मला घरी नेल्या नेल्या त्यानं माझ्यात पहिले शब्द घातले ते असे, “हॅलो, हॅलो, वन, टू, थ्री.” मला भेटणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. आणि मी ते परत ऐकवलं की प्रत्येकाचं तोंड वाकडं होतं. स्वतःचा आवाज कोणालाच आवडत नाही, ही माणसांची गंमत मला पहिल्याच दिवशी कळली.

देवव्रतची हौस तीन आठवडे टिकली. त्याचा पाय वेळेवर पडायचा नाही. माझ्या कामात सगळा खेळ पायाचा. तो जरासा उशिरा पडला की ती चूकही गोल गोल फिरते आणि दर फेरीला समोर येऊन उभी राहते. स्वतःची चूक एकदा ऐकली तर माणूस हसतो. चाळीस वेळा ऐकली की चिडतो, आणि चिडतो कोणावर, तर माझ्यावर. “हा पीसच खराब आहे,” म्हणाला आणि मला पलंगाखाली सरकवलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तिथे एका तुटक्या बॅडमिंटन रॅकेटच्या शेजारी मी दीड वर्ष काढलं.

मग शॅरन आली आणि मला अर्ध्या किमतीत विकत घेऊन अंधेरीला गेली, मरोळच्या गावठाणात. चौकात क्रूस, त्याच्यामागे शॅरनचं कौलारू घर, आणि घराला चिकटून सात मजली बिल्डिंग. शॅरन सव्वीस वर्षांची. दिवसा दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट लिहायची आणि शनिवारी संध्याकाळी एका कॉफीच्या दुकानात गायची, एकटीच. आधी गिटारच्या पाठीवर थाप मारून ताल द्यायची, मी तो धरायचो. मग तारा, मग गुणगुणणं, आणि या सगळ्यावर गाणं. तिचा पाय असा अचूक पडायचा की मला पहिल्यांदाच वाटलं, अरे, आपण खराब पीस नव्हतो.

कॉफी पिणारे ऐकायचे कमी, फोन बघायचे जास्त. तिला त्याचं काही नव्हतं. “बँड जमवायला कोणाला टाइम आहे यार,” असं ती म्हणायची. “हा माझा बँड.” आणि बुटाच्या टोकानं मला हळूच ढोसायची. खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

आता मुद्द्याचं सांगतो. शॅरनची मोठी बहीण क्लॅरिस, तिचं लग्न ठरलं. यांच्यात, म्हणजे गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत, लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी उंबराचं पाणी आणायचं असतं. बायका लुगडी नेसून, घागरी घेऊन, गात गात गावठाणाच्या विहिरीवर जातात आणि त्या पाण्यानं नवरी न्हाते. क्लॅरिसचा हट्ट एकच, ते गाणं ब्रिजेट मावशीनं म्हणायचं. ब्रिजेट म्हणजे या मुलींच्या आईची बहीण, याच घरात राहणारी, वय बहात्तर, गावठाणातल्या सगळ्या लग्नांत पुढे असलेली.

मावशी सरळ नाही म्हणाली. “बँड लावा नि मोकले व्हा,” असं म्हणून ती लसूण सोलत बसली.

क्लॅरिसचे डोळे भरून आले. मग मावशीनं सुरी खाली ठेवली आणि कारण सांगितलं. गाण्यात एकीनं विचारायचं, “वाटेवर कोन गो उभी?” आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, “आमी, बाय, आमी.” सहा जणी होत्या त्या. दोघी वारल्या, दोघी लेकींकडे कॅनडाला गेल्या, एक वसईला सुनेकडे असते, तिला गुडघ्यांनी उठता येत नाही.

“मी विचारीन गो,” मावशी म्हणाली, “पन सांगेल कोन? एकटीनं ‘आमी’ कसं म्हणायचं?”

शॅरननं माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाच ओळखलं की आता आपली पाळी.

दुसऱ्या दिवशी मावशीला खुर्चीत बसवलं, पुढे माइक ठेवला. शॅरनचे बाबा, इसिडोर, मांडीवर घुमट घेऊन बसले. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याचं वाद्य, माझ्यापेक्षा वयानं किती मोठं ते त्यालाही ठाऊक नसेल. मावशी गायली, मी परत म्हटलं, आणि तिचं तोंड वाकडं झालं. “ही कोन म्हातारी?” म्हणाली.

“मावशी, तूच आहेस. आता त्याच्यावर परत म्हण. सहा वेळा म्हण, हा सहा जणी करेल.”

मावशीनं माइक जवळ ओढला. मग तिनं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. दुसऱ्या फेरीला ती स्वतःच्या आवाजात गायलीच नाही. “सेराफिना नाकातून गायची,” म्हणाली आणि नाकातून गायली. तिसऱ्या फेरीला शेवटचा सूर लांबवला, कारण कोणीतरी तसा लांबवायची. चौथीचा आवाज जाड, पाचवीचा घाबरट, सहावीचा किनरा. एकेक करून तिनं पाचही जणींना माझ्यात आणून उभं केलं. वाजवलं तेव्हा ते जुने आवाज ऐकून इसिडोरबाबा घुमट ठेवून, डोळे पुसत बाहेर निघून गेले. मावशी मात्र खुदकन हसली आणि म्हणाली, “झकास. येते मी विहिरीवर.”

मग पंधरा दिवस मला सुट्टी नाही. शॅरन दवाखान्यातून आली की मला चालू करायची आणि लुगडी इस्त्री करत, याद्या लिहीत तसाच ठेवायची. “आमी, बाय, आमी,” मी आपला म्हणतोय. मावशी दुसऱ्या खोलीतून विचारायची, मी उत्तर द्यायचो. शेजारच्या बिल्डिंगमधल्या जयंतीबाईंची स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर आमच्यासमोर. एकदा त्या हातात लाटणं घेऊनच डोकावल्या. “शॅरन, तेच तेच किती गं? काल पोळ्या लाटताना माझ्या तोंडात तेच.”

“सॉरी काकी, लग्नापर्यंतच,” शॅरन म्हणाली. आवाज काही तिनं कमी केला नाही.

तो दिवस आला. विहिरीवरची लोखंडी जाळी सकाळीच उघडून घेतली होती. ऊन उतरल्यावर मंडळी निघाली. चाकांच्या स्पीकरवर मला दोरीनं बांधलेलं, शॅरन तो ओढतेय. पुढे लुगड्यातली मावशी, बाजूला घुमट घेऊन बाबा, मागे क्लॅरिस, तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी आणि बिल्डिंगमधल्या बायका, हातात रिकाम्या घागरी. जयंतीबाईही होत्या. बोलावणं होतं ना.

मावशीनं विचारलं, मी उत्तर दिलं. काय सांगू, अंगावर काटा यावा असं जमलं. पण चार घरं गेली आणि वाट लागली.

चूक कोणाची म्हणू? गाणं आम्ही खुर्चीत बसून बांधलं होतं, आणि ते होतं चालता चालता म्हणायचं. विहिरीकडे गल्ली उतरत जाते. घागरी रिकाम्या, पाय आपोआप उचलतात. पायांबरोबर बाबांचा हात धावला, हाताबरोबर मावशीचा गळा. आणि मी? मला घाई ठाऊकच नाही. मावशीनं विचारून झालं, तरी माझं आधीचंच उत्तर चाललंय. पुढच्या ओळीवर माझं मागचं ‘आमी’ जाऊन आदळलं. शॅरननं थांबवून परत सुरू केलं. दहा पावलांवर परत तेच. तिसऱ्यांदा मावशीचा आवाजच फुटला आणि ती गल्लीच्या मधोमध थांबली. तिच्यामागे सगळेच थांबले.

“जाऊ दे गो,” ती हळू म्हणाली. “गेलेल्यांना चालवता येत नाही.”

क्लॅरिस खाली बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं चुका दुसऱ्यांच्या, मी फक्त ऐकवायचो. आज चूक माझी होती, आणि ती सुधारणं माझ्या हातात नव्हतं.

शॅरन वाकली. मला वाटलं, चौथ्यांदा सुरू करणार. तिनं बटण दाबून धरलं आणि मला बंद केलं.

“मावशी, विचार ना.”

“कोनाला विचारू?”

“तू विचार तर.”

मावशीनं लुगड्याचा पदर सारखा केला. बहुतेक क्लॅरिसकडे बघून तिला नाही म्हणवेना. घुमटावर एक थाप पडली आणि तिनं विचारलं, “वाटेवर कोन गो उभी?”

माझा लाल दिवा विझलेला. मग मागून, जरा बिचकत, पोळ्या लाटतानाच्या सवयीनं आलं, “आमी, बाय, आमी.”

जयंतीबाई. सगळ्यांनी वळून बघितलं तशा त्या लाजल्या. मावशीनं मात्र थांबू दिलं नाही, लगेच पुढची ओळ विचारली. या वेळी शॅरन होती, क्लॅरिस होती, दुसऱ्या मजल्यावरची क्षमा होती. तिसऱ्या वेळी मी मोजायचं सोडलं. माझ्या त्या पंधरा दिवसांच्या कटकटीनं सगळ्यांना ते तोंडपाठ झालं होतं आणि त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

“तुला कोनी शिकवलं गो?” विहिरीच्या कठड्यावर मावशीनं विचारलं.

“शिकवतंय कोण,” जयंतीबाई म्हणाल्या. “पंधरा दिवस खिडकीतून डोकं खाल्लंय माझं.”

येताना घागरी भरलेल्या. पाणी सांडू नये म्हणून पाय सावकाश, आणि गाणंही तेवढंच सावकाश. मला ते सात जन्मांत जमलं नसतं. मी स्पीकरवर बांधलेला, बंद, गुपचूप ऐकत घरी आलो.

लग्नानंतरच्या रविवारी मावशी माझ्यापाशी येऊन बसली. “लाव जरा,” शॅरनला म्हणाली. सहाही जणी वाजल्या. मावशी स्वतः, नाकातली सेराफिना, लांबवणारी, जाड आवाजाची, घाबरट, किनरी. मावशीनं डोळे मिटून पाच-सहा फेऱ्या ऐकलं. मग म्हणाली, “पूस आता.”

“मावशी, आवाज आहे तुझा. त्यांचा पण.”

“किती दिवस उभं ठेवायचं त्यांना? दमल्या असतील गो.”

शॅरनचा पाय आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर पडायला उशीर झाला. पण पडला.

आता माझी खुंटी सैल झालीय, एका कोपऱ्यात पोचा आलाय. शनिवारी अजून कॉफीच्या दुकानात जातो, एकटीला साथ देतो आणि ते मन लावून करतो. तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला पलंगाखाली टाकू नका, त्याच्याकडून खुशाल घोकून घ्या. फक्त वेळ आली की बंद करायला घाबरू नका. आमच्यातलं थोडंफार तोवर तुमच्यात आलेलं असतं.

रविवारी संध्याकाळी जयंतीबाई, क्षमा आणि आणखी दोघी मावशीकडे बाकीची कडवी शिकायला येतात. मी फळीवर घुमटाशेजारी असतो, पूर्ण रिकामा. मावशी विचारते, त्या उत्तर देतात, कधी चुकतात, परत म्हणतात. मी नुसता ऐकतो.